पासाची मुदत: टेनिसची क्रमवारी एसटीच्या भाषेत

१६ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री आमच्या ओटीवर टीव्ही चालू होता. इटलीतल्या तुरिन शहरात यानिक सिन्नरने कार्लोस अल्काराझला ७-६, ७-५ असं हरवलं, एटीपी फायनल्स ही पुरुषांच्या टेनिसमधली वर्षअखेरची स्पर्धा संपली, आणि अडकित्त्याने सुपारी कातरत बसलेल्या काकांनी मान वर केली.

"जिकलो कोण?"

"सिन्नर. आठवडाभरात एक सेटसुद्धा हरला नाही."

"म्हंजे जगात पयलो नंबर त्येचो."

"नाही काका, पहिला अल्काराझच."

"आत्ता हरललो तो?"

"तोच."

अडकित्ता थांबला. "मगे ह्येना जिकान मिळवल्यान काय?"

पैसे मिळवले, भरपूर. अपराजित विजेत्याचं बक्षीस ५० लाख ७१ हजार डॉलर होतं, म्हणजे आपले साधारण ४५ कोटी रुपये. पण क्रमवारीच्या गुणांचं विचाराल तर काकांनी बरोबर वर्मावर बोट ठेवलं होतं. ३ नोव्हेंबरला सिन्नरच्या खात्यात ११,५०० गुण होते. तुरिन जिंकल्यावर १७ नोव्हेंबरला किती? ११,५००. वर्षातल्या सर्वोत्तम आठ जणांच्या स्पर्धेत पाच सामने खेळला, पाचही जिंकला, आणि खात्यात एका गुणाचीही भर नाही.

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला टेनिसच्या बातम्या अशाच कोड्यात बोलायला लागतात. अमुक जिंकला तरी घसरला, तमुक न खेळताच पहिला झाला, तुरिनच्या शेवटच्या जागेसाठी दोघांत चुरस. लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की वाचणाऱ्याला मागचा हिशोब पाठ आहे. तो कुणालाच पाठ नसतो. मलाही नव्हता. काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत, आकड्यांना घाबरत नाहीत आणि हिशोब जुळल्याशिवाय माणसाला झोपायला सोडत नाहीत, म्हणून मला तो नीट मांडावा लागला.

टेनिसमधला गुण म्हणजे एसटीचा पास. स्पर्धेत जितक्या फेऱ्या पुढे गेलात, तितक्या किमतीचा पास हातात पडतो. मुदत ५२ आठवडे. मुदत संपली की तो बाद, मग तुम्ही जगज्जेते असा नाहीतर कुणीही. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत जाऊन तेवढ्याच किमतीचा नवा पास काढलात तर तुम्ही जागच्या जागी. कमी किमतीचा निघाला तर खाली. दुखापतीमुळे गेलाच नाहीत तर अख्खा पास गेला. समालोचक याला 'गुण राखणं' म्हणतात. मला तो शब्द फसवा वाटतो. गुण राखता येत नाहीतच. जुने जातात ते जातातच, त्यांच्या जागी नवे आणावे लागतात.

सिन्नरने २०२४ सालीही तुरिन असंच, एकही सेट न गमावता जिंकलं होतं. त्याचे १,५०० गुण १० नोव्हेंबर २०२५ ला बाद झाले आणि आठवड्याभराने नवे १,५०० आले.

"म्हंजे पास रिन्यू केल्यान," काका म्हणाले. "भाडा तेवढाच."

बरोबर तेवढंच.

आता पास किती किमतीचे असतात ते एकदा भरभर सांगून टाकतो, कारण हा भाग कोरडा आहे. ग्रँड स्लॅम, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकली तर २,०००, अंतिम सामन्यात हरलात तर १,३००, उपांत्य फेरीत हरलात तर ८००. मास्टर्स १००० दर्जाच्या नऊ स्पर्धांत विजेत्याला १,०००, उपविजेत्याला ६५०. त्याखाली ५०० आणि २५० दर्जाच्या स्पर्धा, त्यांची किंमत नावातच आहे. तुरिनचं कोष्टक निराळं: साखळीतल्या प्रत्येक विजयाला २००, उपांत्य सामन्याला ४००, अंतिम सामन्याला ५००. सगळे जिंकलात तर १,५००.

आणि गाडीत सीटा मोजक्या. २०२५ च्या नियमांनी वर्षातले १९ निकाल धरत होते: चार ग्रँड स्लॅम, आठ सक्तीच्या मास्टर्स आणि बाकीच्यांतले सर्वांत चांगले सात. माँटे कार्लोची मास्टर्स सक्तीची नाही, म्हणून ती त्या सातांत येत होती. तुरिनला पोचलेल्या आठ जणांना मात्र विसावी सीट जादा मिळत होती.

गोंधळ होतो तो दोन वह्यांमुळे. एक वही ५२ आठवड्यांची, ती म्हणजे क्रमवारी. दुसरी वही १ जानेवारीला कोरी उघडते आणि फक्त चालू वर्षाचेच गुण लिहिते, तिला 'रेस' म्हणतात. मार्चमध्ये दोन्ही वह्यांतली नावं अगदी वेगळी दिसू शकतात, कारण क्रमवारीत अजून गेल्या वर्षाचे पास चालू असतात. जसजसं वर्ष सरतं तसतशा दोन्ही वह्या जवळ येतात आणि तुरिन संपल्यावर एकमेकींना जुळतात. म्हणूनच 'वर्षअखेरचा पहिला' या पदाला खेळाडू इतका मान देतात. एखाद्या सोमवारी पहिलं असणं आणि अख्ख्या वर्षाची बेरीज करून पहिलं असणं यांत फरक आहे. जोकोविच आठ वेळा वर्षअखेर पहिला राहिला, पीट सँप्रास १९९३ ते १९९८ सलग सहा वेळा.

क्रमवारीचा हा संगणकी हिशोब २३ ऑगस्ट १९७३ पासून सुरू झाला आणि पहिल्या यादीत पहिलं नाव रुमानियाच्या इली नास्तासेचं होतं. त्याआधी कुणाला स्पर्धेत घ्यायचं हे बरंचसं आयोजकांच्या मर्जीवर चालायचं. सुरुवातीपासून या यादीचं खरं काम दारावरच्या चेकिंगचं आहे, कोणाला आत सोडायचं ते ठरवण्याचं. पहिल्या क्रमांकाचं कौतुक हे त्यावरचं खोबरं.

आता नोव्हेंबरचे ते दोन आठवडे जरा सावकाश बघू, कारण त्यात सगळं गणित एका जागी सापडतं.

पॅरिसची मास्टर्स ही तुरिनच्या आधीची शेवटची मोठी स्पर्धा. अल्काराझ तिथे पहिल्याच सामन्यात कॅमेरॉन नॉरीकडून हरला. २०२४ साली सिन्नर आजारपणामुळे पॅरिसला खेळलाच नव्हता, त्यामुळे त्याचा जुना पास बाद व्हायचा नव्हता. यंदा तो जिंकला, म्हणजे १,००० गुण निव्वळ नफ्यात. ३ नोव्हेंबरच्या सोमवारी सिन्नर ११,५००, अल्काराझ ११,२५०. सिन्नर पहिला. सगळीकडे मथळे झळकले.

तो पहिला क्रमांक एकच आठवडा टिकणार हे त्याच दिवशी ठरलेलं होतं. पुढच्या सोमवारी, तुरिनचा निकाल लागायच्या आतच, गेल्या वर्षीच्या तुरिनचे पास बाद झाले. सिन्नरचे १,५०० गेले, राहिले १०,०००. अल्काराझने २०२४ ला तुरिनमध्ये एकच सामना जिंकला होता, त्याचे फक्त २०० गेले, राहिले ११,०५०. म्हणजे गेल्या वर्षी तिथे वाईट खेळण्याचा यंदा फायदा झाला. हे वाक्य ऐकून काका पहिल्यांदा हसले.

मग मी त्यांना विचारलं, अल्काराझला किती गुण पुरतील? सिन्नर जास्तीत जास्त १,५०० मिळवून ११,५०० पर्यंत जाणार. अल्काराझकडे ११,०५०. फरक ४५०. साखळीतल्या एका विजयाला २००.

काकांनी सुपारीचं ताट बाजूला सारलं. दोन जिंकले तर चारशे. पन्नास कमी. "तीन जिकाक व्हये."

बरोबर तीन. साखळीतले तिन्ही सामने जिंकले की सहाशे, बेरीज ११,६५०, आणि पुढे सिन्नरने काहीही केलं तरी वर्षअखेरचा पहिला क्रमांक अल्काराझचा. तिसरा सामना लोरेन्झो मुसेट्टीशी, गुरुवारी रात्री. तुरिन आणि आपल्यात नोव्हेंबरात साडेचार तासांचं अंतर, त्यामुळे तिथली रात्रीची लढत आपल्याकडे मध्यरात्र उलटून जाते. दशावतारासाठी रात्रभर जागणाऱ्या आमच्या गावाला त्याचं काही वाटत नाही. अल्काराझने ६-४, ६-१ असा तो सामना मारला आणि प्रश्न तिथेच मिटला. रविवारचा अंतिम सामना चषकासाठी आणि इभ्रतीसाठी होता, क्रमांकासाठी नव्हता. अल्काराझ उपांत्य सामन्याचे ४०० घेऊन १२,०५० वर थांबला. सिन्नर ११,५००.

माझ्या मते हा न्याय आहे. सिन्नर फेब्रुवारी ते मे तीन महिने उत्तेजक प्रकरणातल्या निलंबनामुळे बाहेर होता. त्या काळात अल्काराझने माँटे कार्लो जिंकली, बाकीही गुण गोळा केले. अख्ख्या वर्षाची वही मांडायची म्हटली की कोऱ्या पानांची किंमत मोजावीच लागते. आमच्या समोरच्या घरातला सिन्नरभक्त पोरगा हे मान्य करत नाही, तो भाग वेगळा.

आता त्या मुसेट्टीची गोष्ट, कारण तो तिथे पोचला कसा हेच मुळात बघण्यासारखं आहे.

तुरिनला आठ जण जातात. रेसमधले पहिले सात थेट. आठवी जागा साधारणपणे आठव्याला, पण त्या वर्षी ग्रँड स्लॅम जिंकलेला कुणी आठ ते वीस या क्रमांकांत असेल तर आधी हक्क त्याचा. यंदा आठव्या जागेसाठी कॅनडाचा फेलिक्स ऑजे-अलियासिम आणि इटलीचा मुसेट्टी अडकले होते. ऑजे-अलियासिम पॅरिसच्या अंतिम सामन्यापर्यंत गेल्याने पुढे होता. मुसेट्टीला एकच वाट उरली: तुरिनच्या आदल्या आठवड्यात अथेन्सची छोटी स्पर्धा जिंकायची. ८ नोव्हेंबरला तो तिथे अंतिम सामन्यात आला, समोर जोकोविच. मुसेट्टीने पहिला सेट घेतला, दुसरा गेला, तिसरा ५-७ असा गेला. संपलं म्हणायचं.

आणि सामना झाल्यावर जोकोविचनेच जाहीर केलं की खांदा दुखतोय, आपण तुरिनला येणार नाही. त्याची जागा रिकामी झाली ती मुसेट्टीला मिळाली. ज्याने दार लावलं त्यानेच किल्ली हातात दिली, तीही एका संध्याकाळी. आरक्षण नसलेला माणूस गाडी सुटताना फलाटावर उभा असतो आणि कुणीतरी उतरतं, तसं. काकांनी असले शेकडो बघितलेत, त्यांना फार नवल वाटलं नाही.

आठ जणांचे दोन गट, प्रत्येक जण गटातल्या तिघांशी खेळणार, दोघे पुढे. हे सोपं. भानगड होते बरोबरी झाल्यावर. अल्काराझच्या गटात तो तिन्ही जिंकला आणि बाकीचे तिघे, म्हणजे मुसेट्टी, टेलर फ्रिट्झ आणि अलेक्स डी मिनॉर, एकेकच सामना जिंकले. फ्रिट्झने मुसेट्टीला हरवलं, मुसेट्टीने डी मिनॉरला, डी मिनॉरने फ्रिट्झला. नुसतं चक्र. तिघे समान असले की सेट मोजतात. फ्रिट्झने तीन जिंकले, चार हरले. डी मिनॉरनेही तीन जिंकले, चार हरले. मुसेट्टी दोन-पाच, तो बाहेर. आता दोघेच उरले, आणि दोघांतला निकाल त्यांच्या आपसातल्या सामन्यावर. तो डी मिनॉरने जिंकला होता. तीनपैकी दोन सामने हरलेला माणूस उपांत्य फेरीत गेला तो असा. गुरुवारी रात्री अल्काराझ मुसेट्टीवर जिंकला त्या एका निकालाने पहिला क्रमांकही ठरला आणि डी मिनॉरची जागाही.

एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. हंगामाचा शेवट बंदिस्त हॉलमध्ये होतो. आमच्या तालुक्याच्या गावात एकच सिमेंटचं कोर्ट आहे. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, ते दसऱ्याच्या सुमाराला खराट्याने घासून काढायचं, तेव्हा कुठे खेळ सुरू होतो. जाळीचे लोखंडी खांब खाऱ्या हवेने पोखरलेले. सकाळी मतलई वारा असतो तेव्हा चेंडू एका बाजूला ओढतो, दुपारी समुद्राकडून वारा फिरला की दुसऱ्या बाजूला. सर्व्हिससाठी चेंडू वर टाकला की तो आपल्या डोक्यावरच खाली येईल याची खात्री नाही. हॉलमध्ये यातलं काहीच नसतं. वारा नाही, ऊन डोळ्यांत नाही. चेंडू टाकला तिथेच येतो, टप्पा खाली राहतो. ज्याचा फटका सपाट, वेगवान आणि घड्याळासारखा नेमका, त्याचं तिथे राज्य. सिन्नर नोव्हेंबर २०२३ मध्ये तुरिनच्याच अंतिम सामन्यात जोकोविचकडून हरला, त्यानंतर २०२५ संपेपर्यंत बंदिस्त हार्ड कोर्टवर तो हरलाच नाही. म्हणून वर्षाच्या शेवटच्या महिन्यातल्या निकालांवरून "आता सर्वोत्तम कोण" असं कुणी ठरवायला लागलं की मी जरा सबुरीने घेतो. त्याच्या महिनाभर आधी शांघायच्या दमट उकाड्यात हाच सिन्नर पायात पेटके येऊन तिसऱ्या फेरीत सामना सोडून गेला होता. तसली हवा आपल्याला सांगायला नको.

शांघायला त्या आठवड्यात जे झालं ते मात्र क्रमवारीच्या इतिहासात राहील. मोनॅकोचा व्हॅलेंटिन वाशरो, जगात २०४वा. मुख्य स्पर्धेत सोडाच, पात्रता फेरीतही त्याचं नाव आधी राखीव म्हणून होतं. तिथून तो आत आला, उपांत्य फेरीत जोकोविचला हरवलं आणि अंतिम सामन्यात स्वतःच्या मावसभावाला, फ्रान्सच्या आर्थर रिंडरनेशला हरवून मास्टर्स १००० जिंकला. इतक्या खालच्या क्रमांकाचा विजेता आधी कधी झाला नव्हता. सोमवारी तो ४०वा. त्या एका स्पर्धेत त्याला मिळालेलं बक्षीस आधीच्या अख्ख्या कारकीर्दीतल्या कमाईपेक्षा जास्त होतं.

वर्षअखेरचे खरे हाल वरच्या दोघांचे नसतातच. ते शंभराच्या आसपास असतात, जिथे बातमी पोचत नाही. ऑस्ट्रेलियन ओपनच्या १२८ जागांपैकी साधारण १०४ जणांना क्रमवारीवर थेट प्रवेश मिळतो. सोळा जण पात्रता फेऱ्या खेळून येतात, आठ जणांना वाईल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांच्या मर्जीचा प्रवेश. प्रवेशाची यादी डिसेंबरच्या सुरुवातीच्या क्रमवारीवर ठरते. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही १ लाख ३२ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, म्हणजे सत्तर लाख रुपयांच्या वर. तेवढ्यात प्रशिक्षक, विमानं, हॉटेलं असा वर्षाचा बराच खर्च निघतो. म्हणून नोव्हेंबरात, जेव्हा वरचे आठ जण तुरिनला असतात, तेव्हा ९५ ते ११५ मधली माणसं चॅलेंजर नावाच्या छोट्या स्पर्धांत दहा-वीस गुणांसाठी जीव टाकत असतात. एका सामन्याने माणूस आत किंवा बाहेर.

आपल्याला हे सुमित नागलवरून कळतं. २०२४ च्या सुरुवातीला तो ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पात्रता फेरीतून आला, मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं, मग चेन्नईची चॅलेंजर जिंकली, जूनमध्ये जर्मनीतल्या हाइलब्रॉनची जिंकली. जुलैत तो ६८वा होता. पुढच्या वर्षी तेच पास एकेक करून बाद होत गेले आणि तेवढ्या किमतीचे नवे निघाले नाहीत. २०२५ च्या अखेरीला तो दोनशेच्याही पलीकडे होता. लोक म्हणतात खेळ उतरला. थोडा उतरला असेल. पण बरीचशी घसरण मुदतीची असते, कारण एका वर्षाचे चार चांगले आठवडे पुढच्या वर्षी त्याच चार आठवड्यांत पुन्हा यावेच लागतात. पुण्याला बालेवाडीत २०२३ पर्यंत २५० दर्जाची स्पर्धा व्हायची, आम्ही एकदा रात्रीच्या गाडीने घाट चढून गेलो होतो. आपल्या खेळाडूंना घरच्या मैदानावर वाईल्ड कार्ड आणि त्यातून चार गुण मिळायची ती सोय होती. तीही आता नाही.

हे सगळं ऐकून झाल्यावर काकांनी नेमका पुढचा प्रश्न विचारला. आता कोणाचे पास कधी बाद होणार?

२०२६ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलिया. सिन्नर २०२५ चा तिथला विजेता, त्याचे २,००० एकदम जाणार. अल्काराझ उपांत्यपूर्व फेरीत हरला होता, त्याचे फक्त ४००. म्हणजे सिन्नर तिथे पुन्हा जिंकला तरी जागच्या जागी, आणि अल्काराझ जितका पुढे जाईल तितका नफा. पण फेब्रुवारीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत उलटं. निलंबनामुळे सिन्नरकडे त्या काळातला एकही पास नाही, त्यामुळे बाद व्हायलाही काही नाही. जे मिळेल ते सगळं जमेला. अल्काराझला मात्र रॉटरडॅम, इंडियन वेल्स, माँटे कार्लो, बार्सिलोना असे एकामागून एक भरावे लागणार.

नवं कॅलेंडर दिवाळीतच घरात आलं होतं, गुंडाळून कपाटावर ठेवलेलं. काकांनी ते खाली काढलं, फेब्रुवारीचं पान उघडलं आणि दुधाचा हिशोब लिहायच्या पेन्सिलीने कोपऱ्यात लिहिलं: सिन्नर, पास नाय. मग टीव्ही बंद करायला सांगून उरलेली सुपारी डब्यात भरायला घेतली.